आत्याची उजवीकडून उघडणारी पुस्तकं

आमची आत्या एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात कामाला होती. धुतलेल्या चादरी दोन टोकांना धरून गरम रुळांत सरकवायच्या आणि पलीकडून बाहेर आल्या की घड्या घालायच्या, हे तिचं काम. लग्न मोडून परत आली तेव्हापासून ती आमच्याकडेच राहायची, मधल्या खोलीत, कपाटाआड टाकलेल्या पलंगावर. बोलायला फटकळ, आणि हसली की शेजारी ऐकू जायचं.

एकदा चादरींच्या गाठोड्यात तिला एक जाडजूड कॉमिक सापडलं. कुणा पाहुण्याचं राहून गेलेलं. बरेच दिवस कुणी मागायला आलं नाही, तेव्हा मुकादम म्हणाला, "तूच घेऊन जा." जपानी कॉमिकचं भाषांतर होतं ते. आत्यानं घरी आणून नेहमीसारखं उघडलं, तर सुरुवातीलाच म्हातारा मेलेला, आणि चार पानं पुढे तोच पिशवी घेऊन बाजारात निघालेला. थोड्या वेळानं तिनं कपाळावर हात मारला. "अगं, हे उजवीकडून वाचायचं असतं."

मग तिला नादच लागला. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ती अशीच कॉमिक्स शोधून आणायची. मारामारीची नव्हेत, घरातल्या माणसांची. वाचलेलं मला सांगायची. तिकडे म्हणे शाळेतली मुलं आपला वर्ग आपणच झाडतात. घरात शिरताना जोडे काढले की त्यांची तोंडं दाराकडे वळवून ठेवतात. दुसऱ्या दिवसापासून ती बाबांचेही बूट वळवून ठेवायला लागली. बाबांना वाटलं, आपल्याला घराबाहेर काढतेय की काय.

पण तिच्या मनात घर केलं ते वेगळ्याच गोष्टीनं.

"बघ," ती मला म्हणाली, "निघताना ते म्हणतात इत्तेकिमास. म्हणजे आपलं 'जाऊन येते'. अगदी तेच. पण परत आल्यावर दारातूनच म्हणतात तादाइमा, मी आले. आणि घरातल्यांनी त्यावर ओकाएरी म्हणायचंच. आलीस का, ये. आपल्याकडे जाणाऱ्याला शब्द आहे, येणाऱ्याला कुठाय?"

त्या संध्याकाळी ती दारातून खणखणीत आवाजात म्हणाली, "मी आले." मी "आलीस का" म्हटलं. बाकी कुणी टीव्हीवरची नजर काढली नाही. दुसऱ्या दिवशी ती त्याहून मोठ्यानं म्हणाली.

बाबा वैतागले. "हे काय नवीन? येतेस ते दिसत नाही का आम्हाला?"

"दिसतं ना, दादा? मग बोल की."

"पन्नाशी उलटली तुझी. चित्रांची पुस्तकं वाचतेस आणि वर आम्हाला शिकवतेस?"

"हो," आत्या म्हणाली.

असं कितीतरी महिने चाललं. मग एके दिवशी तिचा आवाज आला आणि आतून आई बोलून गेली, "आलात, वन्सं? हात धुवा, जेवायला वाढते." बोलल्यावर आई स्वतःच दचकली. आत्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन नुसती उभी राहिली.

बाबांना ते लागलं. दुसऱ्याच दिवशी, आत्या कामावर असताना, त्यांनी पलंगाखालची सगळी पुस्तकं रद्दीवाल्याला देऊन टाकली. घरी आल्यावर आत्यानं वाकून रिकामी फरशी पाहिली. तिनं आरडाओरडा केला नाही. पलंगावरची चादर ओढून घेतली आणि "जाऊन येते" म्हणून निघाली. रद्दीवाल्याशी हुज्जत घालून, सगळी पुस्तकं त्या चादरीत बांधून, गाठोडं डोक्यावर घेऊन ती भर रस्त्यातून परत आली. गल्लीतली माणसं बघत होती. तिनं मान खाली घातली नाही. हॉलमधल्या काचेच्या कपाटात बाबांना कंपनीनं दिलेल्या ढाली होत्या. त्या बाजूला सारून तिनं पुस्तकं लावायला घेतली.

"पलंगाखाली होती म्हणून तुला रद्दी वाटली," ती म्हणाली. "आता इथं राहतील."

"आणि मी पुन्हा टाकली तर?"

"मी पुन्हा आणीन. तू टाक, मी आणते. कोण आधी दमतं ते बघू. मी दिवसभर ओल्या चादरी ओढते, दादा."

बाबा आपल्या ढाली उचलून खोलीत गेले. पुस्तकं राहिली.

त्या चित्रांच्या कोपऱ्यांत काही जपानी अक्षरं तशीच ठेवलेली असायची. "भाषांतरवाल्यांनी ही सोडून दिलीयत," आत्या म्हणायची. "मला तीही पाहिजेत." शेवटी तिनं जपानीच्या वर्गात नाव घातलं. बाकी सगळी नोकरीसाठी शिकणारी विशीतली पोरं. पहिल्याच दिवशी तिनं शिक्षिकेपुढे एक पान धरलं. चित्रात एक माणूस टेबलाशी एकटा बसलेला, कुणी बोलत नाही, तरी शेजारी अक्षरं.

"शीऽऽन," शिक्षिकेनं वाचलं. "काहीच आवाज नसतो ना, त्याचा हा आवाज."

आत्या इतकी हसली की सगळा वर्ग वळून बघायला लागला. "हा ओळखीचा आहे," ती म्हणाली. "आमच्या हॉलमध्येच असायचा."

पहिल्या परीक्षेत ती नापास झाली.

"वेळ वाया घालवतेयस," बाबा म्हणाले.

"माझाच आहे ना."

पुढच्या तुकडीत तिनं पुन्हा नाव घातलं. तिथली पोरंही आता तिला आत्याच म्हणतात, आणि पहिल्या बाकावर दुसरं कुणी बसलेलं तिला खपत नाही.