परक्या गावच्या हौदावर मामांची शीळ

दहाएक दिवसांपूर्वी फ्रान्समधल्या एका खेड्यात, भर चौकात उभा राहून मी शीळ घातली... वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. बायकोनं लाजून तोंड फिरवलं.

लेक तिकडं नोकरीला. तिचाच हट्ट, मोठी शहरं राहू द्या, एका जुन्या गावात आठ दिवस नुसते बसा. गाव म्हणजे सात-आठशे वर्षांपूर्वीची चाळीसेक दगडी घरं. चौकात दगडी हौद आणि डोंगरातला झरा त्यात अखंड पडतोय... तोटी नाही, पाण्याचा वार नाही.

पहिल्याच दिवशी बायकोनं भाड्याच्या घरातली पातेली, जग, अगदी फुलदाणीसुद्धा भरून ठेवली. लेक हसली. आठवड्यानं नळ येणाऱ्या शहरातली माणसं आम्ही... सवय विमानात बसून सोबत येते.

मी रोज सकाळी हौदाच्या कडेला बसायचो. माझा धंदा बोअरचा. भाड्याच्या एका मशीनवर सुरुवात केली, आज स्वतःच्या तीन गाड्या आहेत. हा धंदा कानाचा... खाली मुरूम आहे की काळा पाषाण, हे मी मशीनच्या आवाजावरून सांगतो. सगळी लाइन माझ्या कानांची तारीफ करते.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ वीसेक मेंढ्या घेऊन हौदावर आले. मला परक्याला बघून मेंढ्या थबकल्या, पाण्याला तोंड लावेनात. आणि माझ्या ओठांतून शीळ निघाली... लांब, खालच्या सुरातली. माझे मामा मेंढरांना पाणी पाजताना घालायचे तीच.

मेंढ्यांनी माना खाली घातल्या आणि प्यायला लागल्या.

म्हातारे हसले, काहीतरी बोलले. लेकीनं सांगितलं, "बाबा, ते विचारतायत, तुमच्याकडंही मेंढ्या आहेत का?"

"होत्या म्हणावं."

वडील गेल्यावर मला मामांनी वाढवलं. बिडकीनकडच्या आमच्या गावात त्यांचा शंभरेक मेंढरांचा कळप आणि पाण्याला एकच जुनी विहीर. मग आमचं शहर तिकडं सरकलं, प्लॉट पडले. सलग दुसरा दुष्काळ होता, आणि विहिरीपासून हाकेच्या अंतरावर एका प्लॉटवाल्याला बोअर हवा होता. काम मला मिळालं.

मशीन सुरू असताना मामा काठी टेकत आले, काहीतरी बोलले. मी मान हलवली आणि काम चालू ठेवलं. पाणी लागलं, नारळ फुटला, पेढे वाटले. त्याच उन्हाळ्यात विहीर तळाला गेली आणि मामांनी अख्खा कळप बाजारात उभा केला.

त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून मामा माझ्याशी बोलत नाहीत. दिवाळीला जातो, पाया पडतो... ते भिंतीकडं तोंड करून बसतात. आता तर नजरही गेलीय.

लेकीनं त्या सकाळचा व्हिडिओ काढला होता. बायकोनं मला न विचारता तो मामांच्या सुनेला पाठवला. दुपारी फोन आला, "दादा, मामंजी तेच तेच ऐकायलेत. धरा, बोला."

मी फोन कानाला लावला.

"कोन्ती विहीर हाय रं ती?" बारा वर्षांनी तो आवाज.

"लांबची आहे मामा. परदेशातली."

"पाणी लई पडायलंय... बारमाही हाय का?"

"व्हय मामा."

"मेंढरं पिली का समदी?"

"पिली."

"जवळ कुनी मशीन लावू देऊ नको म्हनाव त्यास्नी." आणि फोन सुनेच्या हातात गेला.

मी हौदाशी बसून राहिलो. बायको शेजारी येऊन बसली.

परत येऊन चार दिवस झाले. येत्या रविवारी मामांकडं जाणार आहे. माफी मागून विहिरीला पाणी येत नाही आणि मेंढरंही परत येत नाहीत, एवढं मला कळतं. पण बारा वर्षं मी घरात, गावात, नातेवाइकांत एकच सांगत आलो... मशीनच्या आवाजात मामा काय म्हणाले, ते मला ऐकू आलं नव्हतं.

आलं होतं. "इथं नको रं, विहिरीचा झरा हाय."

लख्ख ऐकू आलं होतं, मामा.