पळसाचे देठ

माझा धाकटा भाऊ पूर्वेकडच्या जंगलातील एका गावी शिक्षक होता. पोलीस आणि रानातले बंदूकधारी यांच्या झगड्यात गावाने कोणाच्याही बाजूने शस्त्र उचलू नये, असे तो सांगत असे. एके दिवशी सशस्त्र माणसांनी त्याला शाळेतून नेले. ती कोणाची माणसे होती, हे आजवर कळलेले नाही.

बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहावी आणि मग पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, असा विधी आहे. आमच्या महाल पेठेतील कित्येक घरांसाठी, त्यांचा पुरोहित म्हणून, तो मी केला होता. बारावे वर्ष सरले, तेव्हा स्वतःच्या घरासाठी देठ निवडायला बसलो. आईवडील गेले होते. घरात मी एकटाच होतो.

विधीच्या आदल्या दिवशी भावाच्या गावची एक वृद्धा आली. देठ पाहून ती दारातच थबकली.

“हे काहून करून राहिले, महाराज? आमी अजून दर सोमवारी ठाण्यापुढं बसतो. हातात काडीबी नसते. गुरुजी कुठी हायेत, एवढंच इचारतो. तुमी त्यायले जाळलं, तं सायेब म्हणन, घरच्याईनंच जाळलं, आता उठा.”

“शास्त्राने मुदत घालून दिली आहे, बाई.”

“शास्तराले घाई असन. आमाले नाई.”

मी तो विधी केला नाही. पितृपक्षात आईवडिलांच्या नावाने पाणी सोडतो, भावाचे नाव घेत नाही, आणि मग एकट्यासाठी पान वाढून घेतो.