पगाराला कोकरू होत नाही

"एकटी पोरगी तीन सालं शिकणार, तिला दोन विसा मेंढरं? ही शिकती का मेंढरं खाती?" नर्सिंग कॉलेजच्या फीच्या खिडकीसमोर दाजी ओरडत होते. आवाज असा, की मुकुंदवाडीच्या स्टेशनात उभी असलेली गाडी शिट्टीची वाट न बघता निघून गेली असती. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे कागद पुढं सरकवला आणि म्हणाल्या, "हॉस्टेल वेगळं." त्यासरशी दाजी गप्प झाले. त्यांच्या ओरडण्याला गावची, करमाडची कुत्रीही भीत नसत. मी मात्र त्यांच्या गप्प होण्याला भ्यायचो...

माझ्या थोरल्या बहिणीचे हे मालक, अख्ख्या करमाड पट्ट्यात मेंढरं हिंडवलेले, गेल्या महिन्यात गेले. सकाळी दहाच्या सुमारास त्यांच्या मुलीचा, कौसल्येचा फोन आला. "मामा, आप्पा गेले." पेशंटच्या नातेवाइकांना सांगतात तशा आवाजात. खरं सांगतो, मला आधी रडू आलं नाही. आधी आठवली ती त्यांच्या घरातल्या खुंटीवरची पिशवी.

कौसल्या बारावी झाली त्या वर्षीचा दुष्काळ असा, की कावळे टँकरच्या मागं उडायचे. (मी वाढवून सांगतो तेव्हा टँकर कावळाच चालवतो.) जिथं मेंढरं चरायची तिथं कंपन्यांची तारेची कुंपणं पडली होती, आणि कुंपणाबाहेर गवताची काडी नव्हती. रोज एखादं मेंढरू बसायचं ते उठायचंच नाही. कन्नडचं एक स्थळ कौसल्येसाठी दोनदा येऊन चहा पिऊन गेलं होतं. पोरीला नर्स व्हायचं होतं. दाजींची झोप उडाली होती. विकावीत, तर दुष्काळात मेंढराला कोंबडीचा भाव. ठेवावीत, तर मरतात. आणि सगळीच गेली, तर रानात मेंढरं बसवायला त्यांना बोलावणार कोण? "खताला मेंढरं लागत्यात, पाव्हणं," ते म्हणाले, "मला एकट्याला रानात बसवून कुणाचं पीक यायचंय?"

मी शहरात राहतो म्हणून मला सगळं कळतं, असा त्यांचा समज होता. तो मीच पसरवलेला. नर्सचा पगार घरी न्यायला रिक्षा करावी लागते, असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं. ते हिशोबाला बसले.

"पयल्या साली यवढा. दुसऱ्या साली?"

"वाढतो की."

"दुप्पट?"

त्यांचा हिशोब सरळ होता. यंदा एक मेंढी, पुढच्या साली मेंढी आणि तिचं कोकरू. जन्मभर त्यांची दौलत अशीच वाढली होती. पगारही असाच वितो, असं त्यांनी धरलं. पगाराला कोकरू होत नाही, हे सांगायला माझी जीभ उचलली होती. पण दाराआड कौसल्या उभी होती. मी म्हणालो, "व्हय."

आठवड्याच्या बाजारात उरलीसुरली दोन विसा, म्हणजे चाळीस मेंढरं गेली. दाजींना अक्षर येत नव्हतं. सकाळी कळप सोडताना ते मेंढरागणिक एक खडा पिशवीत टाकायचे, संध्याकाळी तसाच काढायचे. बाजारातून आल्यावर त्यांनी चाळीस खडे तसेच पिशवीत ठेवून ती खुंटीला टांगली. कौसल्येच्या पगारातून एका मेंढराचे पैसे घरी आले, की एक खडा बाहेर फेकायचा.

ती तीन वर्षं मी देवाला इतके नारळ कबूल केले, की कोकणात एक झाड उरलं नसतं. मग कौसल्येला शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात नोकरी लागली. पहिला पगार माझ्या बढाईच्या पावभरही नव्हता. खोली, डबा, बसभाडं यातच तो संपायचा. पहिल्या वर्षी पिशवीतून दोन खडे निघाले. दाजी तोवर एका कंपनीच्या फाटकावर वॉचमन झाले होते. त्यांची मेंढरं जिथं चरायची, बरोब्बर त्याच जागेवर.

"पाव्हणं, पगाराला कोकरू कवा व्हायचं?"

"गाभण हाय, दाजी."

ते हसायचे नाहीत. पिशवी काढून माझ्या कानाजवळ हलवायचे. तो खडखडाट... मी वाघाच्या गुहेत झोपलो असल्याचं गावभर सांगत फिरलोय, पण त्या आवाजानं मी चपला शोधायला लागायचो. पुढंपुढं करमाडची बस दिसली, तरी मी पाठ फिरवायला लागलो. शेवटचा गेलो तेव्हाही त्यांनी पिशवी हलवली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "हलकी व्हायली." खरं सांगायची तीच वेळ होती. मी बस चुकेल म्हणून पळालो. बसला अजून तासभर होता.

दहाव्याला गेलो तेव्हा पिशवी खुंटीवरच होती. पाहुणे पांगल्यावर मी कौसल्येला गाठलं. ती ड्युटीचे कपडे घडी करत होती.

"कौशे, पगार दर साली दुप्पट होतो, असं आप्पाला मीच सांगितलं. खोटं होतं ते."

तिनं पिशवी काढली. खडे घोंगडीवर ओतले आणि गोळ्या मोजाव्यात तसे एका बोटानं सरकवत मोजले. मग पुन्हा पिशवीत भरले.

"नऊ राहिलेत, मामा," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात आठ."