तरंगणारी पन्नी

बी.एस्सी. झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती जुन्या प्लास्टिकपासून दाणे बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात. माधव नगरहून सायकलने जायचो. दुकानांवर शांपू, सुपारी, नमकीनच्या चकचकीत पुड्यांच्या माळा तेव्हा नुकत्याच लोंबू लागल्या होत्या. तसल्या पन्नीची छपाईतली कात्रणं आमच्याकडे गोण्या भरून येऊ लागली. मशीनमध्ये काय जाईल, हे मी ठरवायचो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. बाबा शाळेत शिपाई होते, त्यांना या नोकरीचं फार अप्रूप.

माझी परीक्षा पुस्तकातली होती. तुकडा पाण्याच्या बादलीत टाकायचा. तरंगला तर आमच्या मशीनला चालणारा, तो वितळवायचा; बुडाला तर बाजूला. एक दिवस माल छाटणाऱ्या, म्हणजे निवडून वेगळा करणाऱ्या, मौसीने चंदेरी पन्नी पुढे धरली.

"बाबू, ये मत डालो. फाड़ के देखो."

"तैर तो रही है, मौसी."

"तैरने दो. डूबनेवाली उसकी गोद में बैठी है."

मी हसलो आणि गोणी मशीनमध्ये टाकायला सांगितली. दुपारपर्यंत मशीनची जाळी तुंबली. दाण्यांऐवजी फोड आलेली काळपट दोरी बाहेर पडू लागली. सेठ आले ते थेट मौसीवर ओरडले, "अंधी हो गई क्या? कल से मत आना!"

माल खराब निघाला की चूक छाटणारीची, असंच तिथे धरून चालत. मौसीने पदराला हात पुसले. माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. मला कायम करायचं की नाही, हे त्याच आठवड्यात ठरणार होतं. 

"सेठजी, मौसी ने मना किया था. मैंने डलवाया."

सेठांनी तुंबलेल्या जाळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तो तीन महीने इसी के पास बैठ. पक्की नौकरी की बात बाद में."

"और मौसी?"

"वो नहीं बैठेगी, तो तुझे सिखाएगा कौन?"

दुसऱ्या दिवशी मी तिच्याशेजारी गोणपाटावर बसलो. तिने पन्नीची कड नखाने सोलली. एकाच पन्नीतून दोन पापुद्रे सुटले. एक मऊ, ताणला जाणारा, दुसरा चंदेरी, कडक, एकटा टाकला तर बुडणारा. मऊ वितळतो तिथे कडक वितळत नाही, हे तेव्हा उमगलं. मला काही ती कड सोलता येईना, म्हणून मी दात लावले.

"अरे, खाना नहीं है," मौसी म्हणाली, "नाखून बढ़ा पहले."