बाय मॅडम आणि आडवी

बायच्या हाती कुठलंही कापड लागलं की ती आधी ते उसवायला बघायची. कुणाची नवी ओढणी असो, पाहुण्याचा टी-शर्ट असो की साहेबांचा रुमाल असो, ती टोक शोधायची, नखाने एक सूत पकडायची आणि ओढायची. उसवलं तर "ह्यॅ!" आणि नाही उसवलं तर "हां, हा आपल्यातला हाय." लोक चिडायचं सोडून हसायचे. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर भांडण झालं असतं. मी केलं असतं तर नक्कीच.

बोईसरहून तारापूरकडे जाताना जे कारखाने लागतात, त्यातल्या एकात आम्ही दोघी सॅम्पल रूममध्ये होतो. आमच्याकडे वार्प निटिंगचं, म्हणजे उभ्या विणीचं कापड निघतं. मच्छरदाणी, रोपवाटिकेवरची हिरवी जाळी, खेळाडूंचे कपडे, बुटाचा वरचा भाग, ब्लाउजची लेस असं काय वाट्टेल ते. बाय जवळच्याच मुरबे गावची कोळीण. तिच्या घरची माणसं तिला बाय म्हणत, मग आम्हीही म्हणू लागलो. यूपी-बिहारच्या ऑपरेटरांना वाटलं हे तिचं नावच. त्यांनी पुढे 'मॅडम' जोडलं. मीही मॅडमच होते, पण नुसती. दोघींचा डिप्लोमा एकच, लागलो एकाच महिन्यात, टेबलं शेजारीशेजारी. माझं तर दाराजवळ. तरी नवा सॅम्पल घेऊन आलेला माणूस माझ्या टेबलाला वळसा घालून तिच्याकडे जायचा. मला फार काही नको होतं हो. त्याने एकदा तरी आधी माझ्यापाशी थांबावं, एवढंच.

कापडांना नावं ठेवायची तिला भारी हौस. ट्रायकॉट म्हणजे आमचं सगळ्यात तलम, मऊ कापड, हातातून निसटतं. त्याला तिने 'बोंबील' म्हटलं. स्पेसरमध्ये दोन थर असतात आणि त्यांच्यामध्ये उभ्या धाग्यांनी हवा धरून ठेवलेली असते. बुटाला, गाडीच्या सीटला ते लागतं. त्याला 'भाकरी' म्हटलं, कारण तांदळाची भाकरी तव्यावर अशीच टम्म फुगते. ताणून सोडलं की पुन्हा होतं तिथे येणारं पॉवरनेट म्हणजे 'सासूबाय'. "किती बी ताना, ती काय आपली जागा सोरत नाय!" मी या सगळ्यांसाठी व्यवस्थित सांकेतिक नावं तयार केली होती, अक्षर आणि आकडा, टंकलिखित करून भिंतीवर लावली होती. तो कागद वाऱ्याने पडला, तेव्हा कुणीतरी त्यावर चहाचा कप ठेवला. मशीनवरून मात्र हाळी यायची, "बाय मॅडम, तीन नंबर पे भाकरी बैठ गयी!"

आमच्याकडे शिकाऊ मुली आल्या की त्यांना वीण समजावून सांगायचं काम माझं होतं. एकदा मी फळ्यावर आकृत्या काढत होते. ए.सी.मुळे मी स्वतः विणलेला लोकरीचा स्वेटर घातला होता. बाय मागून आली, "दे गो जरा," म्हणाली आणि बाहीच्या टोकाची गाठ सोडून तिने सूत ओढलं. सर्र सर्र करत माझी बाही मनगटापासून कोपराकडे निघाली.

"ह्याला म्हंतात आडवी वीण," ती मुलींना म्हणाली. "एकच सूत सगल्या ओलीला धरून असतं. तो रुसला का सगला संसार गेला. आनि आपली उभी वीण. इथं जिचा तिचा सूत येगला, पन दर टाक्याला शेजारनीचा हात धरते. एक तुटली तरी बाकीच्या उभ्या. कापा, फारा, उसवायची नाय."

मुलींना समजलं. माझ्या आकृत्या फळ्यावर तशाच राहिल्या. मी रागाने काहीतरी बोलले, त्यावर ती म्हणाली, "बघा, ही बी आडवीच! एक सूत ओढला का संपली." तेव्हापासून तिने मला आडवी म्हणायला सुरुवात केली. आडव्यात शिरायची माझी सवय सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे नाव चपखल बसलं, हे आणखी वाईट. दुसऱ्या दिवशी तिने बाही पुन्हा विणून आणून दिली. तो स्वेटर अजून माझ्याकडे आहे आणि तिने विणलेला भाग बाकीच्या स्वेटरपेक्षा सुबक आहे. मी तो मुद्दाम दुमडून घालते.

कंपनीतलं एक वेळ सोडून दिलं असतं. पण बाबांचं काय करू? बाबा पालघर डेपोतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. हर्नियाचं ऑपरेशन ठरलं आणि पोटात जाळी बसवणार हे ऐकून त्यांनी हाय खाल्ली. मी त्यांना समजावलं, ही जाळी म्हणजे आमच्यासारखंच वार्प निटिंग, डॉक्टरने कात्रीने कापली तरी कडा सुटत नाहीत, भोकांमधून आपलं मांस वाढतं आणि ती शरीराचीच होऊन जाते. 'मांस वाढतं' ऐकल्यावर बाबांनी जेवण सोडलं. ऑपरेशन नको, असंच मरेन म्हणाले.

बाय भेटायला आली ती डब्यात कोलंबीचं लोणचं घेऊन. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट त्यांच्या पलंगावर बसली.

"काय वो काका, जालीला घाबारता? आमच्या घरचा सगला संसार जालीवर चालतो. समिंदर जाली फारू शकत नाय, तुमचा पोट काय फारनार हाय?"

बाबा हसले. "आणि फाटली तर?"

"तर मना सांगा. मी येऊन सांधते."

सकाळी बाबा स्वतः ऑपरेशनला तयार होऊन बसले. शुद्धीवर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "ती मुरब्याची बाय आली नाही का?" मी उशाशी बसले होते. पाण्याचा चमचा माझ्याच हातात होता. त्या क्षणी मला तिचा जेवढा मत्सर वाटला तेवढा आयुष्यात कुणाचाच वाटलेला नाही, आणि तो खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही. सख्ख्या बापाला मी लेक असून जे पटवू शकले नाही ते ती लोणच्याच्या डब्यासकट पटवून गेली.

पुढे सॅम्पल रूमचे इन्चार्ज निवृत्त झाले. त्यांची खुर्ची दोघींपैकी एकीला मिळणार होती, आणि कुणाला ते मशीनच्या सुयांनासुद्धा माहीत होतं. मी मात्र हिरिरीने कामाला लागले. म्हटलं, हरेन तर लढून हरेन. साहेब निर्णय सांगणार त्याच आठवड्यात बायने राजीनामा दिला. गावात बायकांना घेऊन ती शिवणकाम सुरू करणार होती. आमच्याकडची नापास जाळी घ्यायची आणि वाळत घातलेल्या मासळीवर माश्या बसू नयेत म्हणून झाकणं शिवायची, बाजाराच्या पिशव्या शिवायच्या.

"ती खुर्ची तू घे गो, आडवी," ती टेबल आवरताना म्हणाली. "मना बसून काम जमत नाय."

उरलेलं कालवण शेजारी द्यावं तशी खुर्ची दिली! निरोपाच्या वेळी सगळे रडले. मी रडले नाही. शर्यतीत समोरचा मध्येच रस्ता सोडून करवंदं खायला गेला तर पहिला येणाऱ्याने काय करायचं असतं?

खुर्चीवर बसले. आता सगळे आधी माझ्याकडे यायला लागले. महिनाभर बरं वाटलं. मग एक नवीन ऑपरेटर सॅम्पल घेऊन आला आणि म्हणाला, "बाय मॅडम, ये भाकरी देख लीजिए."

"मी बाय मॅडम नाही," मी म्हटलं.

तो गोंधळला. दारावरची पाटी बघून आला. "सैंपल रूम की इन्चार्ज आप ही हैं ना? तो बाय मॅडम आप ही हुईं."

चौकशी केली तेव्हा कळलं. जुने ऑपरेटर गावी गेले, नवे आले, आणि या नव्यांना वाटतं की बाय मॅडम हे पदाचं नाव आहे. सुपरवायझर, मॅनेजर, तसं बाय मॅडम. मी आधी प्रत्येकाला दुरुस्त करायचे. मग कंटाळले. मग ओ द्यायला लागले. कापडाची नावं तिची, बाबांच्या तोंडी कौतुक तिचं, आणि आता हाक मारली तरी तिचीच.

गेल्या महिन्यात गेटवरून फोन आला. "बाय मॅडम, रिजेक्ट माल लेने कोई औरत आई है. बोलती है, बाय हूँ. क्या करूँ?"

मी खाली गेले. गेटबाहेर टेम्पोला टेकून बाय पोट धरून हसत होती. नव्या वॉचमनने तिला समजावलं होतं की बाय मॅडम तर आत बसतात, तुम्ही कोण?

"गेला गो माजा नाव बी!" ती म्हणाली. "ठेव, ठेव तूच. आमच्या गावात काय, सगल्याच बाय हायत."

हेही दिलंच तिने. दोघींनी मिळून जाळीचे गठ्ठे टेम्पोत चढवले. तिने जाता जाता माझ्या ओढणीचं टोक नखात धरून ओढून बघितलं, बाबांच्या पोटाची खुशाली विचारली आणि ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसली. टेम्पो वळला, तशी ती खिडकीतून ओरडली, "येते गो, आडवी!"

गेटवरचे सगळे इकडेतिकडे बघायला लागले, ही आडवी कोण म्हणून. आत मला ओळखणारे शंभर जण आहेत आणि सगळे मला तिच्या नावाने हाक मारतात. माझ्या नावाने हाक मारणारी एकटी तीच उरली आहे, आणि ती मुरब्याला राहते.

मी तिथूनच मोठ्याने ओ दिली.