काठोकाठ बशी

आमच्या घराण्याच्या रोगाला केनवड गावात नाव नव्हतं, नक्कल होती. चाळिशीला टेकलं की माणसाचे हात आपोआप उडू लागत, मग पाय, मग जीभ. आजोबा त्यातच गेले. मला कळायला लागलं तेव्हा बाबांना घास भरवावा लागत होता. गल्लीतली पोरं बाबांसारखं चालून दाखवत आणि त्यांचे आईबाप पोट धरून हसत. अकोल्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं, हे रक्तातून उतरतं, औषध नाही, आणि मुलांपैकी कोणाला होईल ते आधी कळत नाही.

लोकांना मात्र कळत होतं. दुष्काळ सरल्यावर दादासाठी रिसोडला मुलगी पाहायला गेलो, चुलत्याबरोबर मीही. बातमी आमच्या आधीच पोचली होती. सगळ्यांना कपात चहा आला. दादापुढे मुलीच्या मामाने बशी ठेवली आणि तीत काठोकाठ चहा ओतला. मग दारामागच्या बायकांसकट सगळं घर दादाच्या हातांकडे बघत बसलं. असल्या पाहुणचाराला आग लागो.

दादा तरणाबांड, कोळपणीला डवऱ्यामागे सरळ तास धरणारा. थेंब सांडला नसता. पण त्याने मांडीवरचा हात उचललाच नाही.

"मी चा पेत नाई," तो म्हणाला.

मामाने मान हलवली आणि बशी आत नेली. सोयरीक तिथेच मोडली.

घरी आल्यावर मी दादावर तोंड सोडलं, कारण आता मलाही कोणी पाहायला येणार नव्हतं.

"काहून नाई उचलली? हात तं चांगले हायेत तुये."

"आज चांगले हायेत. उद्याचं काय? मंग मी रोज बशी भरून पाहत बसू? अन् सांडला तं काय करू, वावरात जानं सोडू? नाई पाहाचं मले."

मला ते पटलं, म्हणून जास्तच राग आला.

माय बाबांना कुस्करलेली भाकरी भरवत होती. वर न बघता बोलली, "लग्नात यांचेबी हात चांगलेच होते. माया बापाले कोनी सांगतलं असतं, तं मी या घरात आली नसती. तुमीबी नसते झाले. बरं झालं असतं."

बाबांची वाचा गेली होती, कान शाबूत होते. पुढचा घास आला तेव्हा त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मायने हनुवटी धरली आणि घास आत ढकलला.