राजा हातात नसताना जागा रिकामी करायची नाही

२००८ चा मे महिना, नाशिक, आणि माझा उजवा पाय प्लास्टरमध्ये! द्वारकेच्या सर्कलवर ट्रक आणि रिक्षा यांच्यामध्ये जरा जागा दिसली, मी स्कूटर घातली... आणि पडले. चूक शंभर टक्के माझीच, रिक्षावाल्याने तर उचलून वर पाणी पाजलं.

नवरा इतका घाबरला की त्याने जाहीर करून टाकलं, स्कूटर विकायची. माझी स्कूटर! स्वतःच्या पगारातून घेतलेली, जिच्यामुळे मला कुठे जायचं तर कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं. मी दोन दिवस त्याच्याशी बोललेच नाही.

पडल्या पडल्या करायचं काय, म्हणून मी मोबाईलवर सॉलिटेअर खेळायला लागले. तेव्हाचा बटणांचा फोन, काडेपेटीएवढा स्क्रीन. आठवडाभर खेळले आणि जिंकलेले डाव किती? शून्य!

नवरा शेजारी बसून बघायचा. एकदा म्हणाला, "तू पत्ते पण स्कूटरसारखेच खेळतेस. जागा दिसली की घुसलीस."

असा राग आला ना... कारण ते खरं होतं. मग तिथेच पैज लागली. प्लास्टर निघायच्या आत एक डाव जिंकले तर स्कूटर राहील, नाहीतर जाईल.

त्याच आठवड्यात लासलगावजवळून माझी आत्या आली, मला करून घालायला. त्यांचा उन्हाळ कांदा नुकताच साठवणीच्या चाळीत भरून झाला होता, म्हणून बाई मोकळी होती. पत्त्यांच्या मेंढीकोटात तिचा हात धरणारं गावात कुणी नाही. दुपारी भांडी आवरून ती चष्मा लावून माझ्या उशाशी बसली आणि पाच मिनिटांत तिने माझी अक्कल काढली.

मी जो पत्ता सहज हलेल तो आधी हलवायचे. आत्याचं म्हणणं, ज्या ढिगात उलटे पत्ते जास्त, तो आधी उघड. चाळीत जिथे वारा लागत नाही तिथला कांदा आधी सडतो, मग बघायला सुरुवातही तिथूनच करायची. कडेचा चांगला कांदा काय, तो कुठे पळून जातोय!

दुसरं, गड्डीला लगेच हात लावायचा नाही. आधी समोर मांडलंय त्यात काही जुळतंय का ते नीट बघायचं. तिसरं, ढीग संपवून जागा रिकामी करायची घाई नको, कारण त्या जागेवर फक्त राजा बसतो. राजा हाताशी नसेल तर ती जागा नुसती आ वासून बसते आणि आपण अडकतो.

आणि वर, एक्क्यापासून लावत जायच्या चार जागांवर पत्ते पाठवायलाही घाई नको, म्हणे. खाली लाल सत्ती ठेवली तर तिच्यावर काळी छक्की लावता येते, वर गेली की गेली.

पण इथे आत्या स्वतःच फसली बरं का! भाव यायची वाट बघत कांदा धरून ठेवायची तिची सवय... तिने एक्के आणि दुर्र्यासुद्धा वर पाठवू दिल्या नाहीत. सलग तीन डाव बोंबलले. शेवटी मीच म्हटलं, आत्या, कोंब आलेला कांदा तू धरून ठेवतेस का? ती पोट धरून हसली. एक्का-दुर्री लगेच वर, बाकीचे दमाने, असं आमचं ठरलं.

तरी जिंकेना! कधी दोन उलटे पत्ते राहायचे, कधी पाच. दिवस सरत आले आणि नवऱ्याने स्कूटरला गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं. मला रडूच यायला लागलं.

प्लास्टर काढायच्या आदल्या दुपारी एक डाव छान जमत गेला. एक जागा रिकामी झाली, गड्डीतून इस्पिकचा राजा वर आला... माझा अंगठा बटणावर गेलासुद्धा! आत्याने मनगट धरलं.

"थांब मीने. जागा दिसली म्हणून घुसू नको. तिची वाट कोण बघतंय ते बघ."

बघितलं. सगळ्यात जाड ढिगावर किलवरची राणी बसली होती. तिला काळा राजा काय कामाचा, लाल हवा! इस्पिकचा राजा सोडून दिला आणि गड्डी पुढे काढत राहिले. आणि आला, चौकटचा राजा आला!

तो बसवला, राणी तिच्या सगळ्या लवाजम्यासकट त्याच्यावर गेली, खालचे पत्ते उलगडले आणि त्यात दडलेला शेवटचा एक्का निघाला. मग काय, पत्ते भराभर वर! मी प्लास्टरसकट उठायला निघाले होते, आत्याने दाबून बसवलं. जावईबापू घरी आल्यावर चहाच्याही आधी तिने त्यांच्यापुढे फोन धरला. नवऱ्याने स्क्रीन बघितला आणि स्कूटरची किल्ली आणून माझ्या उशाशी ठेवली.

दिवाळीनंतर आत्या पुन्हा आली. परत जाताना हट्टाने म्हणाली, रिक्षा नको, तूच सोड मला स्टँडवर. अपघातानंतर कुणाला मागे बसवायची माझी पहिलीच वेळ. तिने पदर खोचला आणि माझा खांदा धरून बसली.

द्वारकेच्या सर्कलवर पुन्हा तेच. एक ट्रक, एक रिक्षा आणि मधे जागा. माझा हात ॲक्सिलरेटरवर आवळला... आणि सैल सोडला. ट्रक गेला, रिक्षा गेली, समोरचा रस्ता मोकळा झाला.

आत्या मागून हळूच म्हणाली, "हां, आता जा."

आज आत्या नाही. फोन बदलले, स्कूटरही बदलली... पण त्या सर्कलवर अजून माझा हात आपोआप सैल होतो आणि खांद्यावर तिचा हात जाणवतो. आत्या, तुझ्यामुळे मी अजून गाडी चालवतेय गं.